शेड शेवटी बांधा: पहिल्या पाच शेळ्यांचं पहिलं वर्ष

आमच्या मराठवाड्यात रस्त्याच्या कडेला निळ्या पत्र्याची लांबलचक शेडं दिसतात. त्यातली बरीच रिकामी असतात. एखाद्यात सोयाबीनचे कट्टे रचलेले, एखाद्यात मोडकं पेरणीयंत्र उभं. चौकशी केली की थोड्याफार फरकानं एकच कहाणी ऐकायला मिळते. पोरगा पुण्याची नोकरी सोडून आला, मोबाईलवर व्हिडिओ बघितले, कर्ज काढून शेड बांधलं, बाजारातून पन्नास शेळ्या एकदम आणल्या आणि पहिल्या पावसाळ्यात निम्म्या पुरल्या. त्याच गावात एखादी आजी तीन शेळ्यांवर घरचं तेलमीठ, नातवाची वह्या-पुस्तकं आणि स्वतःचा दवाखाना भागवत असते. तिच्याकडे शेड नाही. बाभळीखाली दावण आहे आणि पावसाळ्यात पडवी.

आजीकडे आधी चारा होता, मग शेळी आली, मग शेळीची ओळख झाली आणि शेवटी लागेल तसा आडोसा केला. नवखा माणूस हा क्रम उलटा करतो आणि तिथंच फसतो. गावात घर आहे, थोडी जमीन आहे, पण शेळी कधी पाळलेली नाही, अशांसाठी हा क्रम सुलटा करून सांगतो.

सुरुवात पाच शेळ्यांनी करा. पाच शेळ्या चेहऱ्यानं ओळखता येतात. एखादी दगावली तर घर बसत नाही. आणि पिल्लं जगवली तर दोन वर्षांत जुन्या पाच धरून बारा-पंधरा माद्या होतात. त्यातल्या घरी जन्मलेल्यांना तुमचं पाणी, तुमचा चारा आणि तुमचा पावसाळा जन्मापासून ठाऊक असतो.

जूनमध्ये चारा लावा, शेळी आणू नका

मोठ्या शेळीला रोज ३ ते ४ किलो ओला चारा, अर्धा ते पाऊण किलो वाळलेला चारा आणि ४-५ लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात पाणी आणखी वाढतं. पाच शेळ्यांचा वर्षाचा ओला चारा सहा-साडेसहा टनांवर जातो, पिल्लं धरली तर आठ टन. हा हिशेब ऐकून दचकलात तर बरंच आहे. पुढं चार महिन्यांनी दचकण्यापेक्षा आत्ता दचकलेलं स्वस्त पडतं.

पाण्याची सोय असेल तर आठ-दहा गुंठ्यांत हे जमतं. अर्ध्या तुकड्यात संकरित नेपियर लावा, राहुरी विद्यापीठाचा फुले जयवंत किंवा असाच एखादा वाण. त्याचं ठोंब शेजाऱ्याकडून फुकटही मिळतं. उरलेल्या अर्ध्यात दशरथ घास किंवा लसूणघास. नुसत्या नेपियरवर शेळीचं पोट भरतं, अंग भरत नाही. अंगाला प्रथिनं लागतात, ती द्विदल चाऱ्यातून येतात. दशरथ घासाचं बी टणक असतं. पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी चार-पाच मिनिटं बुडवायचं, मग रात्रभर गार पाण्यात ठेवून पेरायचं. तसंच पेरलं तर निम्मं उगवत नाही आणि लोक बियाणंवाल्याला शिव्या देत बसतात.

तिसरा चारा बांधावर लावायचा. शेवरी, हादगा, सुबाभूळ. शेळीच्या बाबतीत मी याला पहिला नंबर देतो. गाय खाली मान घालून चरते, शेळी मान वर करून ओरबाडते. मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीचा शेंडा खाणारी शेळी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती खोड नाही, तिचा तो स्वभावच आहे. जंतांच्या अळ्या ओल्या गवतात जमिनीलगत असतात. वर मान करून खाणाऱ्या जनावराला त्यांच्याशी लढायची सवयच नाही. म्हणून शेळीला जमिनीवर टाकलेला चारा खायला लावणं म्हणजे आजार विकत घेणं. पेंढ्या बांधून तिच्या तोंडाच्या उंचीला टांगा. चारा कमी तुडवला जातो, हा वरचा फायदा.

सुबाभळीत एक विषारी घटक असतो, त्यामुळे ओल्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका. केस गळायला लागले तर समजा, जास्त झालं.

वाळला चारा शिवारातच असतो. दसरा-दिवाळीत सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरणारा भुसा), संक्रांतीच्या पुढेमागे तुरीची, शिमग्याच्या आसपास हरभऱ्याची. तुरीची गुळी शेळ्यांना सगळ्यात आवडते. मळणीच्या दिवशीच खळ्यावर जाऊन सांगून ठेवा, कारण एप्रिलमध्ये तीच गुळी दुप्पट भावानं मागावी लागते.

जात: तुमच्या तालुक्यात जी चालते ती

धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर या पट्ट्यात उस्मानाबादी. बहुतेक काळी, काहींचे कान पांढरे ठिपकेदार, मादी साधारण ३०-३५ किलोची, जुळं देण्यात चांगली. नगर-नाशिक-पुण्याकडे संगमनेरी. विदर्भात बेरारी. कोकणातल्या पावसाला कोकण कन्याळ सोसते, तिथं उस्मानाबादी नेऊन बसवलेल्यांचे हाल मी पाहिलेत. सिरोही, बीटल, जमनापारी, बोअर ही नावं व्हिडिओत फार ऐकू येतील. ती वाईट नाहीत, पण पहिल्या वर्षी नकोत. एका बोअर बोकडाच्या पैशात चार-पाच गावरान माद्या येतात, आणि नवख्याच्या हातून पहिल्या वर्षी काहीतरी मरतंच. मरायचंच असेल तर स्वस्तातलं मरू दे.

खरेदी: दिवाळीनंतर आणि घरातून

पावसाळा सरलेला असतो, रोगराई कमी झालेली असते, गुळी मिळायला लागते आणि जूनमध्ये लावलेला चारा दुसऱ्या कापणीला आलेला असतो. शेळीला रुळायला पुढचे सात-आठ महिने कोरडे मिळतात. मे महिन्यात स्वस्त मिळाली म्हणून आणलेली शेळी थेट पावसाळ्यात पाय ठेवते. तिथं शेळीही नवी आणि मालकही नवा.

काष्टी, लोणंदसारखे मोठे बाजार बघायला जरूर जा. भाव कळतो, जाती कळतात, व्यापाऱ्यांचा रुमालाखाली बोटांनी ठरणारा सौदा बघायला मिळाला तर तोही बघा. पण पहिल्या पाच शेळ्या तिथून आणू नका. दहा गावची जनावरं एका जागी आलेली असतात आणि रोगही त्यांच्याबरोबर आलेले असतात. ज्याच्याकडे वीस-पंचवीस शेळ्या आहेत अशा पाळणाऱ्याच्या दावणीला जाऊन घ्या. तिथं आई दिसते, पिल्लं दिसतात, शेळी काय खाते ते दिसतं. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, सांगली जिल्ह्यात रांजणी, साताऱ्यात दहिवडी, बीडमध्ये अंबाजोगाई वगैरे. तिथंही चौकशी करावी, मात्र नंबर लागायला वेळ लागतो.

शेळीसमोर उभं राहिल्यावर आधी दात बघा. खालच्या जबड्यात पुढं आठ दात असतात, वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच. (पहिल्यांदा बघणारा इथं हमखास घाबरतो.) सगळे बारीक, दुधाचे असतील तर शेळी वर्षाच्या आतली. मधले दोन मोठे आले की दोन दाती, सव्वा वर्षाच्या आसपास. चार दाती म्हणजे दोन वर्षांच्या आसपास. आठही दात आले की जुळली म्हणतात, तेव्हा ती साडेतीन-चार वर्षांची असते. तुम्हाला दोन आणि चार दाती हव्यात. पाचातल्या दोन-तीन एकदा व्यालेल्या घ्या. सगळ्याच पहिलटकरणी घेतल्या तर तुम्हीही पहिलटकर आणि त्याही.

मग डोळ्याची खालची पापणी खाली ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर ठीक. पांढरट असेल तर अंगात रक्त नाही, जंत भरलेत. शेपटीखाली लेंडी चिकटून वाळलेली असेल तर सोडून द्या. कासेला हात लावा, गाठ लागते का, दोन्ही सड चालू आहेत का. थोडं चालवून बघा. आणि मालकाला विचारा, ही स्वतः जुळ्यातली आहे का? मालक खरं सांगेलच असं नाही, पण किती वेळ विचार करून उत्तर देतो त्यावरून कळतं.

वजनावर घ्यायची तर काटा लागतो, तो नसेल तर टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. घेर २८, लांबी २६ असेल तर २८ × २८ × २६ म्हणजे २०,३८४, भागिले ६६० बरोबर साधारण ३१ किलो. एक-दोन किलो इकडे तिकडे होईल. व्यापारी नजरेनं सांगतो ते आकडे यापेक्षा जास्त इकडे तिकडे असतात आणि नेमके त्याच्या बाजूनं असतात. घेर सकाळी उपाशीपोटी घ्या, कारण विकायच्या आधी मीठ चारून भरपूर पाणी पाजणारे काही जण असतात.

बोकड पहिल्या वर्षी घेऊ नका. पाच शेळ्यांसाठी बोकड पोसणं परवडत नाही, एक बोकड वीस-पंचवीस माद्यांना पुरतो. गावातला चांगला बोकड हेरून ठेवा आणि तो शेळ्यांना लावायचे पैसे द्या.

पहिले एकवीस दिवस

आणलेल्या शेळ्या गावच्या किंवा घरच्या इतर शेळ्या-मेंढ्यांत एकवीस दिवस मिसळू नका. अंगात असलेला बहुतेक रोग तेवढ्यात बाहेर पडतो. पहिल्या दिवशी खुराक (भरडा, पेंड) देऊ नका. गुळाचं पाणी, वाळला चारा, विश्रांती, बस. आधीच्या मालकाकडून त्यांच्या सवयीचा चारा दोन-तीन दिवसांचा मागून आणा आणि तुमचा चारा हळूहळू वाढवत न्या. शेळीच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्मजीव असतात. त्यांना नवा चारा ओळखायला आठ-दहा दिवस लागतात. ते बिघडले की शेळी बिघडते.

याच दिवसांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, डॉक्टरांशी ओळख करा आणि शेळ्यांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या. विम्याला तो लागतोच. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा नंबर गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवा, मोबाईलमध्ये ठेवून भागत नाही. शेळी आजारी पडते तेव्हा मोबाईल घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या हातात असतो.

आडोसा

एका मोठ्या शेळीला छताखाली १० चौरस फूट आणि मोकळी जागा २० चौरस फूट. म्हणजे पाच शेळ्यांना पिल्लांसकट १० बाय १० चं छप्पर आणि पुढं जाळीचं अंगण पुरे. लाकडी मेढी, जुने पत्रे, बाजूला तुराट्यांचा कूड. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर उन्हाळ्यात ऊन आत कमी शिरतं. जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच आणि मुरमाची हवी, मूत मुरलं पाहिजे. सिमेंटचा कोबा नको. त्यावर ओल राहते आणि खूर कुजतात. पावसाची झड अडवा, पण वारा अडवू नका. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर शेळीची फुप्फुसं त्याच्या आधीपासून चुरचुरतायत.

खर्च करायचाच असेल तर दारावर आणि जाळीवर करा. मोकाट कुत्री एका रात्रीत सगळं संपवतात. जुन्नर-संगमनेरसारख्या उसाच्या पट्ट्यात असाल तर वरूनही बंद करा, बिबट्याला सहा फुटी भिंत म्हणजे काही नाही. बिबट्यानं शेळी मारलीच तर ती हलवू नका, त्याच दिवशी वनविभागाला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

जे खाऊन शेळ्या मरतात

रोगापेक्षा मला या गोष्टीचा धसका जास्त आहे. माझी पहिली शेळी रोगानं गेली नाही. भावकीत लग्न होतं, उरलेला भात आणि बुंदी कुणीतरी प्रेमानं दावणीला आणून ओतली. संध्याकाळी शेळी दात खात बसली होती, पहाटे गेली. तिच्या पोटात एकदम पिठूळ, गोड पदार्थ गेले की तिथं आम्ल तयार होतं आणि ते रक्तात उतरतं. ज्वारीच्या कणग्यात किंवा मक्याच्या ढिगात तोंड घातलेल्या शेळीचं हेच होतं. धान्य खाल्लंय असं कळलं तर पाणी पाजत बसू नका, लगेच डॉक्टर बोलवा. तोवर खायचा सोडा थोड्या पाण्यात कालवून देतात, पण तो उपचार नव्हे, वेळ काढणं आहे. शेजारीपाजारी सगळ्यांना एकदा सांगून ठेवा: आमच्या शेळ्यांना उरलंसुरलं घालू नका. वाईट वाटतं त्यांना. वाटू दे.

कोवळी किंवा पाण्याच्या ताणावरची ज्वारी खाल्ली की किरळ लागते, म्हणजे ज्वारीतलं विष बाधतं. गुडघ्याएवढ्या ज्वारीत शेळी शिरली आणि अर्ध्या तासात धापा टाकत आडवी झाली तर तेच. पाऊस ओढ देतो त्या वर्षी हे जास्त घडतं, कारण वाढ खुंटलेल्या ज्वारीत विष अधिक असतं. फुलोऱ्यात आलेली ज्वारी त्या मानानं सुरक्षित. कण्हेर, बेशरम, धोतरा, घाणेरी गोठ्याच्या आसपास ठेवू नका. कुंपणाची छाटलेली कण्हेर वाळली तरी विषारीच राहते.

पोटफुगी दवात भिजलेल्या लसूणघासानं होते. डावी कूस ढोलासारखी वाजते. घास कापून तासभर सुकवून, आधी थोडी गुळी खाऊ घालून मग दिला तर सहसा होत नाही.

माज, गाभण, वेत

पाट (अजून न व्यालेली तरुण मादी) दहा-बारा महिन्यांची आणि निदान २२ किलोची झाल्याशिवाय बोकड दाखवू नका. माज १८ ते २१ दिवसांनी येतो आणि दीड दिवसाच्या आसपास टिकतो. शेळी सारखी ओरडते, शेपटी फडफडवते, चारा सोडते, दुसरीवर चढते. सकाळी दिसला तर संध्याकाळी लावा, संध्याकाळी दिसला तर सकाळी, आणि तारीख वहीत लिहा. त्या तारखेत पाच महिने मिळवले की वेताची तारीख. साधारण १५० दिवस, चार-पाच दिवस मागेपुढे.

वर्षाला दोन वेत, प्रत्येकी दोन पिल्लं, असं गणित कुणी मांडून दाखवलं तर चहा पिऊन उठा. पाच महिने गाभण, मग अंग सावरायला आणि पिल्लांना पाजायला निदान तीन महिने. एका वेताला आठ महिने लागतात. दोन वर्षांत तीन वेतं झाली तर तुम्ही उत्तम शेळीपालक आहात.

गाभण काळाच्या शेवटच्या दीड महिन्यात पिल्लू झपाट्यानं वाढतं. तेव्हा पाव किलोपर्यंत खुराक द्या, मका भरडा, थोडी पेंड, चुनी, क्षार मिश्रण. आधी तीन महिने नुसतं चारून मग एकदम खुराक ओतू नका, मूठभरापासून चढवा.

वेत बहुतेक आपोआप होतं. तुमचं काम त्यानंतरच्या तासाचं आहे. नाकातोंडाचा चिकटा पुसा. नाळ बोटभर ठेवून स्वच्छ दोऱ्यानं बांधा, खाली कापा, टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. आणि अर्ध्या तासात चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दाट दूध, पाजा. अडीच किलोच्या करडाला पहिल्या दिवसात पाव लिटर चीक गेला पाहिजे, थोडा थोडा करून. करडाच्या अंगात जन्मतः रोगाशी लढायचं काही नसतं, ते सगळं चिकातून येतं, आणि ते शोषून घ्यायची आतड्याची ताकद दिवसभरातच संपते. आमच्याकडे काही घरांत वार (पिल्लामागून पडणारी गर्भाची पिशवी) पडेपर्यंत पिल्लाला पाजू देत नाहीत. ही चाल मोडा. उलट पिल्लू प्यायला लागलं की वार लवकर पडते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. ओढू नका, तिला दगड बांधू नका. गाभडलेल्या (गर्भ पडलेल्या) शेळीचा गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका. त्यातला एक रोग माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप देतो. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी, आणि चुना टाकून खोल पुरा.

तीन-चार महिन्यांचे नर माद्यांतून वेगळे करा. लहान वाटतात, पण आपल्या आईला गाभण करायला ते पुरेसे असतात. नात्यात लागलेल्या शेळ्यांची पिल्लं दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत बारीक निपजतात. गावच्या बोकडाची मुलगी त्याच बोकडाला लावू नका. यासाठी सुद्धा वही लागते.

मे महिन्यापासून पुढे

पहिला पाऊस पडायच्या आत तीन कामं उरकायची. जंताचं औषध, लसी, आणि गोठ्यातला वरचा चार बोटं मुरूम काढून नवा टाकणं.

जंताचं औषध वजनावर द्या. अंदाजानं कमी दिलं की दुबळे जंत मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही. दर दोन महिन्यांनी सवय म्हणून पाजायचंही तेच फळ. दवाखान्यात लेंडी तपासून देतात, डबी घेऊन जा. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी पापणी बघत राहा. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबली तर उशीर झालाय.

लसीत सगळ्यात मोठी पीपीआरची, म्हणजे बुळकांडीसारखा तो शेळ्यांचा रोग. ताप, नाकातून घाण, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्यात कळप साफ. करडू चार महिन्यांचं झालं की ही लस द्यायची, एकदा दिली की तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची दर वर्षी मेमध्ये, पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पावसाच्या पहिल्या कोवळ्या गवतावर धडधाकट करडं संध्याकाळी उड्या मारत होती आणि सकाळी ताठ झाली, असं कुणी सांगितलं तर बहुतेक वेळा तोच रोग. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, देवी यांचं वेळापत्रक तुमच्या भागानुसार डॉक्टर सांगतील. लस बर्फात आणा. दुकानातून खिशात घालून आणलेली लस म्हणजे शेळीला नुसती सुई टोचणं.

पावसाळ्यात शेळ्या सकाळी दहाच्या आत सोडू नका. गवतावर ओल असते तेव्हा जंतांच्या अळ्या पात्याच्या टोकापर्यंत चढलेल्या असतात. ऊन पडल्यावर खाली उतरतात. जुन्या गुराख्यांना अळ्या माहीत नव्हत्या, पण दव उतरल्याशिवाय ते शेळ्या सोडत नसत.

विक्री

उक्ती, म्हणजे नजरेच्या अंदाजानं, विकू नका, काट्यावर विका. साधा टांगता काटा घ्या, पहिल्याच बोकडात त्याचे पैसे निघतात. भाव वर्षभर सारखा नसतो. आषाढात चढतो, श्रावण लागला की बसतो. मार्गशीर्षात पुन्हा ढिला. जत्रा, नवस, कंदुऱ्यांच्या दिवसांत गावातच गिऱ्हाईक येतं आणि व्यापाऱ्यापेक्षा बरा भाव देतं. बकरी ईदेला बोकड वर्षाचा पुरा लागतो, दोन दाती, शिंग-कान शाबूत. २०२५ साली ईद ७ जूनला होती आणि चांद्रवर्षामुळे ती दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. ईदेचा बोकड हवा असेल तर हिशेब मागून मोजा. ईदेआधी तेरा-चौदा महिने त्याचा जन्म, त्याच्याआधी पाच महिने बोकड लावणं. म्हणजे तयारी दीड वर्ष आधी सुरू होते. ईदेच्या महिनाभर आधी जागे होणारे व्यापाऱ्याकडून घेऊन व्यापाऱ्यालाच विकतात.

पैशाचा अंदाज हवा असेल तर असा मांडा. पाच शेळ्या, पहिलं वेत, आठ करडं. दोन जातील असं धरा, सहा राहिली. तीन पाटी ठेवल्या, तीन बोकड प्रत्येकी २० किलोचे विकले. ४०० रुपये किलो धरला तर २४,००० रुपये. यातून औषध, खुराक, विमा, बोकड लावायचे पैसे वजा. तुमच्या बाजाराचा दर घालून पुन्हा मोजा. पहिल्या वर्षी हातात फार काही उरत नाही, उरतात त्या तीन पाटी. यावर घर चालणार नाही, म्हणून नोकरी किंवा मजुरी पहिल्या वर्षी सोडू नका. जागा, चारा दुसऱ्याचा आणि शेळ्या तुमच्या अशी अर्धलीची पद्धतही चालते. जन्मलेली पिल्लं निम्मी निम्मी. नातेवाईक असेल तरी बोली चार माणसांत करा.

योजना आणि कर्ज

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत १० शेळ्या आणि १ बोकड असा गट अनुदानावर मिळतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून पुढं मोठे प्रकल्प, ५० टक्के भांडवली अनुदान. पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्डही निघतं. अर्ज कधी सुटतात ते पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी सांगतात. माझं मत विचाराल तर पहिली पाच स्वतःच्या पैशानं घ्या. अनुदानाची शेळी माणूस अनुदानासारखी सांभाळतो. आणि १०० शेळ्यांच्या फायलीला जो प्रशिक्षणाचा दाखला लागतो तो कृषी विज्ञान केंद्रात चार-पाच दिवस बसून मिळतो, पण हाताला येणारं शिक्षण त्या पाच शेळ्याच देतात.

वर्ष भरल्यावर

पुढच्या दिवाळीत वही घेऊन दावणीसमोर बसा. कुठली शेळी कधी माजावर आली, किती पिल्लं, त्यातली तीन महिन्यांची किती झाली, औषधाला किती गेले. पाचातली एक तरी अशी निघेल जी दिसायला सगळ्यात देखणी आहे, पण एकच पिल्लू दिलं, तेही दूध कमी पडून मेलं. तिला गिऱ्हाईकही चटकन मिळतं. ती विका, आणि त्या पैशातून आत्ता कुठं शेडाचे पत्रे आणा.